व्हिडिओत कळलेलं पेपरात का येत नाही?

जून उजाडला की मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर तीन विषय ठरलेले असतात: रेनकोट, स्कूलबसची फी आणि यंदा कुठल्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्यायचं. पहिले दोन आठवड्याभरात मिटतात. तिसरा दिवाळीपर्यंत चघळला जातो आणि सहामाहीचे पेपर हातात आले की त्याला नव्याने फोडणी बसते. "रोज दोन तास बसते हो व्हिडिओसमोर. विचारलं तर म्हणते, सगळं कळलं. मग मार्क गेले कुठे?"

मुलगी खोटं बोलत नसते. तिला ते खरंच कळलेलं असतं.

कळणं वेगळं, येणं वेगळं

"गुजराती कळतं मला, पण बोलता येत नाही," असं मुंबईत दर दुसरा माणूस सांगतो आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. समोरून आलेलं ओळखणं हे एक काम, आपल्या आतून काढून दाखवणं हे दुसरं. ऑनलाइन शिक्षणाबद्दलचा निम्माअधिक गोंधळ ही दोन कामं एकच धरल्यामुळे झालेला आहे. पहिलं काम व्हिडिओ फार छान करतो. दुसरं ज्याचं त्यालाच करावं लागतं.

गणपतीच्या आदल्या रात्री उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ चार वेळा पाहून ठेवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अंगठा आत, दोन बोटं बाहेर, कळ्या जवळजवळ घ्यायच्या, हे सगळं पाठ असतं. सकाळी तिसऱ्याच कळीला पारी फाटते. उकड कमी मळली गेली होती, की बोटाला तेल-पाणी लावायचं राहिलं, की पारी मध्येच पातळ झाली, यातलं काय चुकलं ते हाताला कळायला अजून दहा मोदक जावे लागतात.

आता हेच गणितात पाहू. नववी-दहावीला दोन चलांतील रेषीय समीकरणं असतात. समजा उदाहरण असं आहे: कुर्ला स्टेशनबाहेर रिक्षा आणि टॅक्सी मिळून १४ गाड्या उभ्या आहेत, त्यांची चाकं मिळून ४८, तर रिक्षा किती आणि टॅक्सी किती? व्हिडिओतले सर म्हणतात, "रिक्षा एक्स मानू, टॅक्सी वाय. म्हणजे एक्स अधिक वाय बरोबर १४ आणि तीन एक्स अधिक चार वाय बरोबर ४८." याला त्यांना जेमतेम दहा सेकंद लागतात. पुढची पाच मिनिटं ते समीकरण सोडवतात, आणि मूल प्रत्येक ओळीला मान डोलावतं, कारण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून सरळ येते.

पण अवघड भाग होता तो पहिल्या दहा सेकंदांत. काय एक्स मानायचं? गाड्यांचं एक समीकरण आणि चाकांचं दुसरं, हे कुठून सुचलं? तो निर्णय सरांनी घेतला. परीक्षेत रिक्षा-टॅक्सीऐवजी पाच आणि दहा रुपयांची नाणी येतात, मूल पहिल्याच ओळीवर अडतं आणि घरी येऊन सांगतं, "असं आम्हाला शिकवलंच नव्हतं." शिकवलं होतं. मांडणी मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याने करून दिली होती.

मेंदू फसतो कसा

एखादा मजकूर दुसऱ्यांदा समोर आला की तो सोपा वाटतो. मेंदू त्या सोपेपणाचा अर्थ 'हे मला येतं' असा लावतो. तज्ज्ञ याला 'ओघाचा भ्रम' म्हणतात. आपण पुढे त्याला नुसतं भ्रम म्हणू.

हा भ्रम किती पक्का असतो ते अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहिणारे ६१ वर. गंमत पुढे आहे. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, असं सुरुवातीला विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

आठवून बाहेर काढण्याच्या या सरावाला 'पुनःस्मरण' म्हणतात. मैदान तिरकं कापणारी पायवाट पावलांनी पडते. बाल्कनीतून मैदान कितीही वेळ न्याहाळलं तरी गवत तसंच राहतं. आठवायचा प्रत्येक प्रयत्न हे एक पाऊल, आणि अडखळत टाकलेलंही चालतं.

हार्वर्डमध्ये २०१९ साली भौतिकशास्त्राच्या वर्गात असंच दिसलं. जिथे विद्यार्थ्यांनी स्वतः गणितं सोडवण्यात तास घालवला तिथे त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. अस्खलित व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं की आपण खूप शिकलो. चाचणीत उलट निघालं. म्हणून "सर फार छान शिकवतात" ही मुलाची पावती ॲप निवडताना जरा जपून धरावी. सर छान शिकवत असतीलही. प्रश्न तेवढ्या वेळात मूल काय करत होतं याचा आहे.

मग वर्गातलं लेक्चर तरी काय वेगळं असतं?

हा आक्षेप रास्त आहे. पस्तीस मिनिटं फळ्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक आणि व्हिडिओ यांत फारसा फरक नाही. उलट व्हिडिओ मागे नेता येतो. बाईंना "पुन्हा सांगा" म्हणायला जे मूल लाजतं, ते एकच वाक्य पाच वेळा ऐकू शकतं. ही मोठी सोय आहे आणि तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

वर्गात जास्तीचं असतं ते एवढंच, की शिक्षकांना चेहरे दिसतात. तिसऱ्या बाकावरच्या कपाळाला आठ्या पडल्या की बाई थांबतात. शिवाय "हां, तू सांग" असं कधीही येऊ शकतं, त्या धास्तीने चाळीस मुलं मनातल्या मनात उत्तर जुळवत असतात. विचारलं एकालाच, पुनःस्मरण झालं चाळिसांचं. कॅमेरे बंद करून बसलेल्या साठ काळ्या चौकोनांना असा प्रश्न विचारला की पहिली दहा सेकंदं शांतता, मग "मॅडम, आवाज येत नाहीये."

व्हिडिओच्या लांबीबद्दल एक उपयोगी आकडा आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही मोठा असो, लक्ष देऊन पाहण्याचा मध्यम काळ सहा मिनिटांपुढे जात नव्हता. पन्नास मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर म्हणूनच सलग पाहायची वस्तू नव्हे. सहा-सहा मिनिटांच्या घासांत ते संपवावं.

लाईव्ह क्लास का अडकतो

मुंबईकराला हे पाण्याच्या भाषेत पटकन समजेल. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ म्हणजे पिंपात भरून ठेवलेलं पाणी. फोन पुढची काही सेकंदं आधीच साठवत जातो, त्यामुळे नेटवर्क मध्येच गेलं तरी चित्र चालू राहतं. लाईव्ह क्लास म्हणजे थेट नळाखाली धरलेला तांब्या. धार तुटली की तांब्या रिकामा. उशिरा पोचलेला आवाजाचा तुकडा मागाहून वाजवून उपयोग नसतो म्हणून तो फेकून दिला जातो, आणि "वर्गमूळ" मधलं "मूळ" तेवढं ऐकू येतं.

यात सर्वांत महाग काय, तर चेहरे. नुसत्या आवाजाला साधारण ६० ते ८० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला हजारात मोजलेली माहिती, पुरते. फळा किंवा स्लाइड दाखवायला जवळपास तेवढीच. चांगल्या प्रतीच्या सामूहिक व्हिडिओला मात्र ६०० ते १,००० लागते. म्हणजे आवाज आणि फळा ठेवून चेहरे बंद केले तर तोच तास चौथ्या-पाचव्या हिश्श्यात भागतो. शाळांनी कॅमेरा सक्तीचा करण्याआधी हे गणित मांडून पाहावं. पत्र्याच्या भिंती आणि छप्पर सिग्नल अडवतात, तेव्हा आतल्या कोपऱ्यापेक्षा दार-खिडकीजवळ बसणं बरं.

डेटाचं थोडक्यात: ४८० दर्जाच्या व्हिडिओला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, १०८० ला दीड ते दोन. फळ्यावरची अक्षरं ४८० वर नीट वाचता येतात. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये दोन भावंडांचा अभ्यास बसवायचा तर दर्जा 'ऑटो'वर सोडू नये.

प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार शिकवणारी ॲप चालतात का?

काही चालतात, आणि का चालतात ते पाहण्यासारखं आहे.

दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या प्रणालीची काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात आले. आधी मुलांची पातळी तपासली तर सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली. वर्गात सहावीचं पुस्तक चालू आणि मूल तिसरी-चौथीच्या भागाकारावर अडकलेलं. शिक्षक कितीही मनापासून शिकवोत, सव्वीस मुलांच्या वर्गात सव्वीस वेगवेगळ्या पायऱ्या एकट्याने धरता येत नाहीत, आणि आपल्या वर्गांची पटसंख्या तर त्याहून कितीतरी जास्त. सॉफ्टवेअर ज्याला त्याला त्याच्या पायरीवरून सुरू करत होतं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त झाली.

जाहिरातीत न येणारा तपशील असा, की त्या केंद्रांवर रोज ९० मिनिटांपैकी निम्मा वेळच संगणक होता. उरलेली ४५ मिनिटं लहान गटात एक माणूस शिकवत होता. शिवाय संगणकावरही मूल प्रश्न सोडवत होतं, बघत बसलेलं नव्हतं.

याच्या उलट टोकाला पेरू देश. तिथे मुलांना लाखांनी लॅपटॉप वाटले गेले. २०१२ साली तपासणी झाली तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. यंत्र दिलं होतं, त्यावर काय करायचं ते दिलं नव्हतं. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या शाळांत २०१५ पासून आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब मिळाले तेव्हाही वर्तमानपत्रांत चर्चा दप्तराच्या ओझ्याची झाली. ओझं कमी होणं चांगलंच, पण धडा कागदावरून काचेवर गेला म्हणून तो जास्त येऊ लागत नाही. मोठा माहितीपर मजकूर असेल तर काच थोडी मागेच पडते: ५४ अभ्यासांतल्या १ लाख ७१ हजार वाचकांचा एकत्रित हिशेब २०१८ साली मांडला गेला, त्यात कागदावर वाचलेलं जास्त चांगलं समजत होतं, विशेषतः वेळेचं बंधन असताना. गोष्टी वाचण्यात असा फरक दिसला नाही. तेव्हा विज्ञानाच्या धड्याची पीडीएफ आली तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे चार पानं काढून आणणं हा जुनाटपणा नव्हे.

तसं पाहिलं तर यंत्र येऊन शाळा बदलेल, ही आशा जुनीच आहे. चित्रपटामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, असं भाकीत थॉमस एडिसनने १९१३ मध्ये केलं होतं.

आता एआय आलं, ते तर खासगी शिकवणीच झालं ना?

होऊ शकतं. पण तुम्ही उघडता तो साधा चॅटबॉट तसा घडवलेला नसतो. विचारलेल्याचं उत्तर देणं हे त्याचं काम, आणि शिकवणीचं काम पुष्कळदा उत्तर न देणं हे असतं.

तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाकडे नेहमीची वही-पुस्तकं. दुसऱ्याकडे साधा चॅटबॉट. तिसऱ्याकडे असा चॅटबॉट, ज्याला शिक्षकांनी आधीच बजावलं होतं की उत्तर सांगायचं नाही, फक्त इशारे द्यायचे. सराव करताना दुसऱ्या गटाचे गुण पहिल्यापेक्षा ४८ टक्के जास्त, तिसऱ्याचे १२७ टक्के जास्त. पालकसभेत टाळ्या पडाव्यात असे आकडे. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट, ज्यांना चॅटबॉट कधी मिळालाच नव्हता त्यांच्याही १७ टक्के मागे पडला. इशारेवाला गट मागे पडला नाही, पण पुढेही गेला नाही.

सायकल शिकवताना मागून सीट धरणारा काका कधीतरी हात सोडतो. साधा चॅटबॉट सोडत नाही, आणि मुलाला वाटतं आपणच चालवतोय.

म्हणून चॅटबॉटला काय विचारतो यावर बरंच अवलंबून आहे. "हे उदाहरण सोडव" याऐवजी आधी स्वतः वहीत सोडवून, ते टाइप करून लिहावं: "उत्तर देऊ नकोस. माझी पहिली चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग." किंवा, "या धड्यावर मला पाच प्रश्न विचार, एका वेळी एकच." मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि हे यंत्र चुकतं तेव्हाही त्याचा सूर तोच आत्मविश्वासाचा असतो, म्हणून उत्तर पाठ्यपुस्तकामागच्या उत्तरसूचीशी ताडून पाहायचं.

फोनच काढून घेतला तर?

काढून घ्यायला तो मुळात मुलाचा असतो का? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा घरात एक फोन, तो वडील कामावर घेऊन गेलेले, आणि शाळेचा गृहपाठ दुपारी व्हॉट्सॲपवर आलेला. मुंबईतल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, लहान मुलांचे डिसेंबरात. ती दीड-पावणेदोन वर्षं संपली, पण गृहपाठ ग्रुपवर टाकायची सवय राहून गेली. ज्या शाळा हे करतात त्यांनी तोच गृहपाठ वर्ग सुटताना फळ्यावरही लिहावा. पाच मिनिटं लागतात.

ज्या घरांत फोन आहे तिथला प्रश्न वेगळा. 'असर' या सर्वेक्षणात २०२४ साली ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं, तेव्हा आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. हे गावांचे आकडे आहेत. शहरात चित्र फार सोवळं असेल असं मानायचं कारण नाही. अभ्यासाच्या वेळी नोटिफिकेशन बंद, इंटरनेट बंद आणि व्हिडिओ आधीच डाउनलोड केलेला, एवढं केलं तर फोनमधला बाजार निदान तेवढा वेळ मिटतो. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' मंचावरचं साहित्य फुकट मिळतं. सबस्क्रिप्शनचा विचार त्यानंतर करता येईल.

रोजच्या अर्ध्या तासाची बांधणी

व्हिडिओ सहा मिनिटं चालवायचा आणि थांबवायचा. फोन उलटा ठेवायचा. वहीच्या कोऱ्या पानावर आत्ता ऐकलेलं आठवेल तसं लिहायचं, आकृती असेल तर आकृती. हे तीन-चार मिनिटं चालतं आणि नकोसं वाटतं. तो नकोसेपणा म्हणजेच काम चालू असल्याची खूण. मग व्हिडिओ मागे नेऊन राहिलेलं लाल पेनाने भरायचं. उदाहरण असेल तर सरांनी पहिली ओळ लिहायच्या आत थांबवायचं आणि ती आपण लिहायची, चुकली तरी. फळ्याचे स्क्रीनशॉट काढायचे नाहीत. ते गॅलरीत जातात, परत कुणी उघडत नाही, आणि काढल्यामुळे लक्षात ठेवायची गरज संपल्यासारखं वाटतं.

तेच पान दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहायचं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. विसरायला लागल्यावर आठवण्यात जो जोर लागतो तोच उपयोगी पडतो, त्यामुळे एकाच संध्याकाळी चार वेळा लिहून हे साधत नाही.

"पण आम्हाला तो विषय येत नाही, आम्ही काय घेणार?" असं पुष्कळ आया म्हणतात. पुस्तक आपल्या मांडीवर उघडं ठेवायचं आणि म्हणायचं, "सांग बघू." बरोबर-चूक पुस्तक सांगेल. उत्तर आलं की पुढचा प्रश्न: "कशावरून?" मघाचं उदाहरण बीजगणित न शिकलेल्या आजीलाही घेता येतं. सगळ्या चौदा रिक्षाच धरल्या तर चाकं बेचाळीस. आहेत अठ्ठेचाळीस, म्हणजे सहा जास्त. मूल म्हणेल, मग टॅक्सी सहा आणि रिक्षा आठ. त्यावर विचारायचं, जास्तीची चाकं सहा आहेत, पण टॅक्सीही सहाच कशावरून?